माळ्यावरचं हसू

माझी बायको ओर्सा गोष्ट संपायच्या आधीच हसायची. गोष्ट तिची स्वतःची असली तरी. शेवटचं वाक्य जवळ आलं की तिचे खांदे हलायला लागायचे. मग नाकातून एक फुरफुर यायची, घोड्याला माशी चावल्यासारखी. आणि मग ती हसायची. वर वर चढत जाणारं हसू, आणि टोकाला एक उचकी. ती उचकी ऐकली की खोपटातले सगळे हसायचे, गोष्ट कळलेली असो वा नसो. मला तर निम्म्या गोष्टींचे शेवट माहीतच नाहीत. मी तिच्याकडे बघून हसायचो.

खोपट म्हणजे चेस्टनट सुकवायचं खोपट, आमच्या चार घरांच्या मालकीचं. खाली जमिनीवर आगटी, वर लाकडी पट्ट्यांचा माळा आणि माळ्यावर कंबरभर चेस्टनट. चाळीस दिवस ती आग विझू द्यायची नाही आणि भडकूही द्यायची नाही. नुसता धूर हवा. धूर फटींमधून वर जातो, चेस्टनट सुकतात, मग त्यांचं पीठ वर्षभर पुरतं. लाकडं आणायचं काम माझं. पूर्वी माझ्याकडे गाढव होतं. ते मेल्यावर मी मोळ्या स्वतःच्या पाठीवरून आणायला लागलो. संध्याकाळी मला वाकून येताना पाहिलं की ओर्सा दारातून ओरडायची, "ओझं खाली ठेव रे. दुसरं गाढव आणू." आणि हसायची. तीन वर्षं रोज हेच. गाढव काही आम्ही आणलं नाही.

आमच्याकडे दुपारनंतर, रविवारची प्रार्थना झाली की, लोक खोपटात येऊन बसतात आणि गोष्टी सांगतात. लबाड वैद्य, हावरट मठाधिपती, झोपाळू न्यायाधीश, नवऱ्याला फसवणारी बायको, बायकोला फसवायला जाऊन स्वतः फसलेला नवरा. पोटं आमची कधी पुरती भरली नाहीत, पण हसण्यात आम्ही कुणाला ऐकत नाही. आणि या सांगण्याला एक नियम आहे. सांगणाऱ्याने एक अख्खा चेस्टनट सगळ्यांना दाखवायचा आणि निखाऱ्यात ठेवायचा. अख्खा चेस्टनट तापला की फुगतो आणि फाटकन फुटतो. तो फुटायच्या आत गोष्ट संपली पाहिजे. नाही संपली तर उठायचं आणि पुढची दुसऱ्याने सांगायची.

चेस्टनटला आधीच खाच पाडली तर तो फुटत नाही, नुसता भाजतो. म्हणून तर सगळ्यांना दाखवायचा. पण ओर्सा लबाडी करायची. दाखवून झाल्यावर ती चेस्टनट तोंडात घालायची, धूळ पुसते म्हणून, आणि दाताने खाच पाडायची. तिच्या पुढच्या दाताचा टवका उडालेला होता. त्यामुळे खाच पडायची ती मधे तुटलेली, दोन बाजूंना दोन टिकल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायची फक्त तिची थोरली बहीण, वान्नाअक्का.

"ओर्से, तुझ्या जिभेवर धूळ जास्त आहे, चेस्टनटवर नाही."

"मग तू पूस, अक्का. तुझ्या तोंडात दात कुठे राहिलेत खाच पाडायला?"

मागच्या वर्षी नोव्हेंबरात ओर्साने नवी गोष्ट काढली. बेर्ता नावाच्या बाईची. बेर्ताचा नवरा आजारी पडतो. खालच्या शहरातला वैद्य म्हणतो, त्याची लघवी बाटलीत भरून आण, ती बघून मी रोग सांगतो. बेर्ता बाटली घेऊन गाढवावरून निघते. ओढ्यात गाढव घसरतं, बाटली सांडते. आता परत कोण जाणार? तेवढ्यात गाढवालाच लागते. बेर्ता बाटली धरते. भरून घेते. वैद्य बाटली उजेडात धरतो, वास घेतो, चार शब्द लॅटिनमध्ये बोलतो आणि म्हणतो, "बाई, या माणसाच्या पाठीवर फार ओझं आहे. खाणं कोरडं. आणि अधूनमधून काठीही बसते."

"सगळं बरोबर, महाराज," बेर्ता म्हणते. "काठी मात्र क्वचितच हो."

"महिनाभर पाठीवर काही घालू नका. भिजवलेले जव द्या."

बेर्ता परत निघते आणि वाटभर विचार करते. पाणी गाढवाचं, म्हणजे रोग गाढवाचा. पण लक्षणं तर सगळी नवऱ्याची! मग आजारी कोण? घरी पोचते. नवरा अंथरुणातून विचारतो, "काय म्हणाला वैद्य?"

इथे ओर्साने माझ्याकडे पाहिलं. तिचे खांदे हलायला लागले, नाकातून फुरफुर आली, ती हसली, उचकी लागली आणि त्या उचकीतून खोकला आला. धूर छातीत गेला असेल. तो थांबेना. मी तिला उचलून बाहेर नेलं. त्याच दिवशी ताप चढला आणि आठव्या दिवशी ती गेली.

चेस्टनट खाच पाडलेला होता, त्यामुळे तो फुटलाच नाही. तसाच राखेत राहिला आणि त्याचा कोळसा झाला.

अर्धी राहिलेली गोष्ट मेलेल्यांची, असं आमच्यात म्हणतात. मेलेलं माणूस तिच्या शेवटासाठी येऊन बसतं. ती गोष्ट त्याच्या घरच्याने पुढच्या हंगामात पुरी करायची, चेस्टनट माळ्यावरून उतरवायच्या आत. म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या संत आंद्रेआच्या सणाच्या आत.

यंदा आग पेटवल्यावर पहिल्याच रविवारी सगळे जमले. लापो घसा खाकरून बसला. लापो माझा लहानपणापासूनचा मित्र, गावातला पहिल्या नंबरचा खोडकर. लोकांच्या झोपलेल्या डुकरांना शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवणारा.

"थांब," वान्नाअक्का म्हणाली. "आधी ओर्साची."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मला सांगता येत नाही," मी म्हणालो. "आणि शेवट मला माहीत नाही."

"नवरा असून?"

"नवऱ्याला कोण शेवट सांगतं?" लापो म्हणाला. "मी करतो पुरी. वहिनी मला रागावायची नाही." त्याने चेस्टनट दाखवला, निखाऱ्यात ठेवला आणि तोंड उघडलं. "तर बेर्ता म्हणाली..."

चेस्टनट फाटकन फुटला. नुकता ठेवलेला होता, तापलाही नसेल.

मग पाद्रीबाबांनी करून पाहिलं. त्यांचाही फुटला आणि तापलेलं टरफल त्यांच्या गालाला चिकटलं. एरवी खोपट हसून कोसळलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. लापोने मग ओर्साची सोडून भलतीच गोष्ट काढली, चोराची. "एक होता चोर" म्हणेपर्यंत फुटला. त्यानंतर तीन रविवार लोक आले, काठीने निखारे वरखाली केले आणि काही न बोलता घरी गेले. असं शांत खोपट मी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दरम्यान मेलेल्यांचा दिवस आला; त्या रात्री घरोघर त्यांच्यासाठी टेबलावर चेस्टनटची ताटली ठेवतात, मीही ठेवली. सकाळी ती तशीच होती. मला वाईट वाटलं. मग मी आग बघायला खोपटात गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं, आत नेहमीचा धूर. मी आगटीतला ओंडका सरकवत होतो तेव्हा वरून फुरफुर ऐकू आली.

मी हललो नाही. मग हसू आलं. वर वर चढलं, टोकाला उचकी. आणि उचकीमागून खोकला.

माझ्या मनात पहिलं आलं ते लापोचं नाव. मी बाहेरून शिडी लावून माळ्याच्या खिडकीतून आत पाहिलं. कुणी नव्हतं. चेस्टनटच्या ढिगात मधोमध एक खळगा होता, कुणी मांडी घालून बसून उठावं तसा. मी दाताळ्याने तो सारखा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच खळगा.

मी लापोला त्याच्या अंगणात गाठलं आणि मानगुटीला धरलं.

"माझ्या बायकोची नक्कल करतोस? मेलेल्या बाईची?"

"सोड! शपथ, मी नाही!"

"मग तू इतका पांढरा का पडलास?"

तो खाली बसला. "खरं सांगू? करणार होतो. तुझं तोंड बघवत नव्हतं, बिंदो. म्हटलं माळ्यावर चढून वहिनीसारखं हसावं. तू घाबरशील, मग मला पकडशील, शिव्या घालशील आणि शेवटी हसशील. काल सकाळी तू खाली असताना मी चढलो. तोंडाला ओलं फडकं बांधून. हसायला म्हणून श्वास घेतला..."

"आणि?"

"मी हसायच्या आधी कुणीतरी हसलं. माझ्या शेजारी. मी तसाच खिडकीतून उडी टाकून पळालो."

त्यानंतर तो पुन्हा खोपटाकडे एकटा फिरकला नाही.

मी मात्र रोज जायला लागलो. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. सकाळी लवकर काम उरकायचं, भाकरी घ्यायची आणि आगटीपाशी जाऊन बसायचं. मी तिला गावातल्या बातम्या सांगायचो. कुणाच्या गाईला वासरू झालं, कोणी कुणाशी भांडलं. कधी मधेच फुरफुर यायची, मी बातमी पुरी करायच्या आधी. वर्षभर घरात जी शांतता होती ती तिथे नव्हती. गोष्ट पुरी करायचा विचार मी सोडूनच दिला. शेवट माहीत नाही हे खरं होतं. पण माहीत असता तरी मी सांगितला नसता. ती शेवटासाठी येते. शेवट मिळाला की जाणार. मग मी का सांगू?

वान्नाअक्काने हे ओळखलं. सणाला आठ दिवस राहिले होते तेव्हा ती भरदुपारी खोपटात आली आणि माझ्यासमोर बसली.

"काय करतोस?"

"आग बघतो."

"आगीकडे पाठ करून?"

वरून हसू आलं. अक्काने ऐकलं, पण ती दचकली नाही. तिने फक्त ओठ आवळले. हसू मधेच तुटलं आणि खोकला सुरू झाला. बराच वेळ चालला.

"पूर्वी एवढा होता खोकला?" तिने विचारलं.

"होता."

"खोटं बोलू नकोस. बिंदो, ती हसत नाहीये आता. हसायला बघतेय." ती उठली. "माझी बहीण त्या धुरात बसलीय. तू एकदा बसून बघ. मग माझ्याशी बोल."

ती गेल्यावर मी शिडी लावून माळ्यावर शिरलो आणि त्या खळग्यात बसलो. तो माझ्या मापाचा नव्हता. गुडघे पोटाशी घ्यावे लागले. खालून ऊब येत होती आणि धूर. डोळ्यांतून पाणी, मग नाकातून, मग छातीत कुणीतरी मूठ घालून पिळावं तसं. एक प्रार्थना म्हणून होईपर्यंतही मी टिकलो नाही. खिडकीतून निम्मा बाहेर लोंबकळून मी खोकलो आणि माझ्या मागे, अगदी कानाशी, कुणीतरी तसंच खोकलं.

त्या दिवशी मी खोपटात बसलो नाही. बाहेर दगडावर बसलो. आतून येणारा खोकला मोजला. चोपन्नपर्यंत मोजला आणि मग सोडून दिला.

सणाआधीच्या रविवारी मी सगळ्यांना बोलावलं. लापो दाराशी बसला, पळता येईल असा. मी ढिगातून एक चेस्टनट उचलला आणि अक्काच्या हातात दिला. तिने तो डोळ्याजवळ धरून फिरवला, नखाने चाचपला आणि पुढे दिला. तो सगळ्यांच्या हातांतून फिरून माझ्याकडे आला. खाच नव्हती. मी तो निखाऱ्यात ठेवला.

मी वाईट सांगितलं. बाटली सांडायच्या आधीच गाढवाला लागली असं म्हणालो, मग मागे येऊन दुरुस्त केलं. वैद्याचं लॅटिन मला येईना. कुणी हसलं नाही. पण चेस्टनट फुटलाही नाही. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो. त्याचं टरफल चमकायला लागलं होतं, बारीक शिट्टी वाजत होती.

"मग बेर्ता घरी पोचली," मी म्हणालो. "नवऱ्याने अंथरुणातून विचारलं, काय म्हणाला वैद्य?"

इथे मला पुढचं येत नव्हतं. मी थांबलो. शिट्टी वाढली. शेजारची दोघं मागे सरकली.

"बोल की," लापो दारातून कुजबुजला. "काहीही बोल."

मागच्या वर्षी इथे ओर्साने माझ्याकडे पाहिलं होतं. मला वाटायचं, नेहमीसारखंच पाहिलं. आता मी तिथेच बसलो होतो, खांद्यावर मोळीच्या दोरीचे वळ आणि समोर तिची रिकामी जागा. आणि मला कळलं की ओर्सा नुसती गोष्ट सांगत नव्हती. ती आमच्या दारातलीच रोजची बात सांगत होती. गाढव मेल्यावर लाकडं वाहणारा नवरा, आणि त्याच्यात व गाढवात फरक न सापडलेली बायको. तीन वर्षं ती मला रोज त्या गोष्टीचा शेवट सांगत होती आणि मी एकदाही विचारलं नव्हतं, एवढं हसायला काय झालं म्हणून.

माळ्यावरून फुरफुर आली. सगळ्यांनी ऐकली. पाद्रीबाबांनी छातीवर क्रूस काढला.

"बेर्ता म्हणाली," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "वैद्य म्हणाला, ओझं खाली ठेव रे..."

मला पुरं करूच दिलं नाही. ती हसली. आधीच, नेहमीसारखी. वर वर चढत गेली, पट्ट्या थरथरल्या, फटींमधून चेस्टनटची धूळ आमच्या डोक्यांवर पडली. टोकाला उचकी.

"...दुसरं गाढव आणू," मी म्हणालो.

खोकला आला नाही. आम्ही वाट पाहिली. आला नाही. मग दाराशी लापो हसला, डोळ्यांत पाणी असताना हसतात तसा. त्याला बघून पाद्रीबाबा हसले आणि मग सगळं खोपट हसलं. मी नाही हसलो. मी वर बघत होतो.

चेस्टनट फुटला नव्हता. शिट्टीही बंद झाली होती. वान्नाअक्काने काडीने तो निखाऱ्यांतून ओढून घेतला, राख फुंकली आणि तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. मग माझ्यासमोर धरला. टरफलावर खाच होती. दोन बाजूंना दोन टिकल्या, मधे तुटलेली.

"निर्लज्ज," अक्का वर बघून म्हणाली. "मेली तरी लबाडी सुटली नाही हिची."

तिने तो सोलला, दोन तुकडे केले, एक मला दिला आणि एक स्वतः खाल्ला. दात नसल्याने तिला वेळ लागला. तो चांगला भाजला होता.

दुसऱ्या दिवशी मी शिडी लावून पाहिलं. ढीग सपाट होता. मी मुद्दाम आगटीपाशी बसून एक बातमी सांगितली, लापोच्या मेव्हण्याची, चांगली हसण्यासारखी. पुरी सांगितली. नुसता धूर वर गेला.

संत आंद्रेआच्या सणाला आम्ही चेस्टनट उतरवले. पोती बांधून झाल्यावर लापो म्हणाला, आता तरी मला चोराची गोष्ट सांगू द्या. त्याने चेस्टनट दाखवला, ठेवला आणि सांगायला लागला. शेवट जवळ आला तेव्हा आम्ही सगळे थांबलो, आधी कुणीतरी हसेल म्हणून. कुणी हसलं नाही. लापोने शेवटचं वाक्य म्हटलं. मग आम्ही हसलो, एकदम, मीसुद्धा. चोर कसा सुटला ते मला त्या दिवशी कळलं.